सातारा, पाणी आणि अमूर्त जलरंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात अमूर्त जलरंगचित्रं काढते. हे प्रश्न मला प्रदर्शनात विचारलेले आहेत, फोनवर विचारलेले आहेत, लग्नाच्या पंगतीत विचारलेले आहेत. एक तर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या दादांनी दारातूनच विचारला होता (प्रश्न 2). उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवली. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे तिथे क्रमांक दिला आहे.

1. अमूर्त चित्र म्हणजे नेमकं काय? रंग कसेही सांडले तरी चालतात का?

नाही चालत. रंग सांडायला अर्धा मिनिट पुरतो. त्यातलं काय ठेवायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठरवण्यात आठवडे जातात. अमूर्त चित्रात झाड, डोंगर, माणूस अशी ओळखता येणारी वस्तू नसते. रंग, आकार, पोत, मोकळी जागा आणि त्यांच्यातला ताण मात्र असतोच. वस्तूचा आधार नसल्यामुळे बिघडलेला तोल लगेच उघडा पडतो. निसर्गचित्रात झाड वाकडं झालं तर 'वाऱ्याने वाकलंय' म्हणता येतं, इथे ती सोय नाही.

जलरंगाचं या प्रकाराशी नातं जुनं आहे. रशियन चित्रकार कँडिन्स्कीच्या ज्या चित्राला बरेच जण पहिलं अमूर्त चित्र म्हणतात ते जलरंगातलंच आहे. त्यावर 1910 साल घातलेलं आहे, आणि ते साल मागाहून घातलं की काय यावर अभ्यासकांचा वाद आहे.

2. ताई, हे काय काढलंय? मला तर काहीच दिसत नाही.

काही दिसलं पाहिजे अशी अट नाही. तरी बघायला सुरुवात कुठून करायची असं विचारत असाल तर आधी चित्राच्या अगदी जवळ जा आणि कोरा ठेवलेला कागद शोधा. माझ्या चित्रांत पांढरा रंग नसतो. पांढरं दिसतं तो कागदच असतो, आणि तो मुद्दाम राखलेला असतो. मग चार पावलं मागे या आणि नजर आधी कुठे जाते, कुठे अडकते ते बघा. एवढं करून आवडलं नाही, तर नाही आवडलं म्हणा. सिलिंडरवाले दादा म्हणाले होते, "भिंतीला ओल आल्यागत वाटतंय." मला ती दाद फार पटली, कारण चित्र ओलीचंच होतं.

3. हुबेहूब काढता येत नाही म्हणून अमूर्त काढता का?

काढता येतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, वस्तुचित्र, स्मरणचित्र हे सगळं आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने केलंय. संगम माहुलीच्या घाटावर बसून दगडी पायऱ्यांच्या सावल्या मी अजूनही रेखाटते. त्या सरावाने डोळा तयार राहतो, एवढाच त्याचा माझ्या कामाशी संबंध.

हुबेहूब जलरंग किती अवघड आहे हे मात्र कुणी विसरू नये. सा. ल. हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रवि वर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे. चेहऱ्यावरचा तो उजेड पाण्याने आणलाय हे कळल्यावर आपल्या ब्रशकडे बघायची हिंमत होत नाही.

4. तुम्ही दरवर्षी कासला जाता, मग चित्रात फुलं का नसतात?

कास साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटरवर. पश्चिम घाटातली जी ठिकाणं 2012 साली जागतिक वारसा यादीत गेली त्यांत हे पठार आहे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत गर्दी फुलांसाठी येते. मी मे महिन्यातही जाते, जूनच्या पहिल्या पावसानंतरही जाते. तेव्हा तिथे जांभा दगड असतो, वारा असतो, आणि 'इथं काय बघायला आलात?' असं विचारणारा एखादा गुराखी असतो.

जांभ्यात लोह भरपूर. मे महिन्यात तो पिवळट तांबूस, भाजल्यासारखा दिसतो. पहिला पाऊस पडला की तासाभरात तो जवळजवळ काळा होतो आणि त्याच्या खळग्यांत पाण्याचा पातळ थर साचतो. खळग्याच्या कडेला तांबडी रेघ राहते. पाणी आटतं तशी आत आत नव्या रेघा पडत जातात. जलरंगाचा ओघळ कागदावर वाळताना नेमकं हेच करतो, रंग कडेला जाऊन बसतो. माझं बरंचसं काम या एका निरीक्षणातून निघालं आहे.

आता फुलं. सीतेची आसवं ही इवलीशी जांभळी फुलं ओलसर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, येतात. तिथल्या मातीत कस नसतो, म्हणून ही वनस्पती बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. दहा फुटांवरून पाहिलं तर एकही फूल सुटं दिसत नाही. जमिनीपासून बोटभर उंचीवर जांभळट धुरकट थर तरंगताना दिसतो, मध्ये गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके. मला तो थर हवा असतो. पाकळ्या मोजून काढल्या की पठार हातचं जातं. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा तर अख्खा उतार निळा-जांभळा होतो. त्यातलं एक फूल काढून काय सांगणार?

5. कास सोडून आणखी कुठून सुचतं? कोणत्या चित्रकारांचा प्रभाव आहे?

धरणांच्या उतरत्या पाण्याचा प्रभाव सगळ्यात जास्त. कण्हेर किंवा उरमोडीचा जलाशय एप्रिलमध्ये बघा. पाणी खाली जातं तसे काठावर मातीचे आडवे पट्टे उघडे पडतात. वरचे वाळून पांढुरके झालेले, खालचे गर्द, अगदी पाण्यालगतचा हिरवट. माणसाने मुद्दाम आखले तर इतके बरे जमणार नाहीत.

दुसरं आजोळ. सांगलीजवळ हरिपूर. तिथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. पेव उघडलं की आधी वास यायचा, मग अंधारातून तो पिवळा रंग वर यायचा. काळ्याच्या पोटातला पिवळा माझ्या चित्रांत वारंवार येतो, त्याचं मूळ तिथे आहे.

चित्रकारांत वासुदेव गायतोंडे (1924–2001). ते तैलरंगात काम करायचे, पण थर किती संथपणे बोलू शकतो हे त्यांच्याकडून शिकावं. पाउल क्ले 1914 साली ट्युनिशियाला गेला तेव्हाचे जलरंग. आणि इंग्रज चित्रकार टर्नर. त्याने पूर्ण न केलेल्या, नुसत्या रंगाच्या पट्ट्यांच्या जलरंगांपुढे त्याची प्रसिद्ध जहाजं मला फिकी वाटतात.

साताऱ्याच्या मुलांना मी आधी औंधला पाठवते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी 1938 साली उभं केलेलं संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. रवि वर्मा आहेच, पण ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही तिथे आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर! मुंबईला जहांगीर कलादालनात जायचं तेव्हा जा, आधी हे बघा.

6. चित्राची सुरुवात कशी करता? समोर फोटो ठेवता का?

फोटो ठेवत नाही. फोटो समोर असला की हात त्याची नक्कल करायला धावतो. मी खिशातल्या वहीत शब्दांत टिपणं करते. उदाहरणार्थ: 'कण्हेर, दुपार. वरचा पट्टा जवळजवळ पांढरा. तिसऱ्याला भेगा. पाण्याची कड धारदार नाही, लोकरीसारखी.' घरी आल्यावर पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर पाच-सहा कच्ची चित्रं होतात. बहुतेक टाकाऊ. एखाद्यात काही तरी धरून ठेवतं, मग मोठी शीट घेते.

शीट दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डवर ब्राउन गम टेपने ताणून बसवते. पूर्ण वाळल्यावर पुन्हा पुढची बाजू ओली करून पहिला वॉश (भरपूर पाण्याने सोडलेला रंगाचा थर), बहुधा यलो ऑकर, इतका पातळ की ओला असतानाच जेमतेम दिसतो. तो वाळेपर्यंत थांबायचं. दुसरा थर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाचा. बोर्ड तिरका करून तो वाहू द्यायचा आणि हवा तिथे आल्यावर बोर्ड आडवा. एवढ्यावर त्या दिवशीचं काम संपतं.

पुढच्या थरांना घाई नसते. हात शिवशिवतात म्हणून मी तीन-चार शीट एकदम चालू ठेवते. एक वाळत असते तेव्हा दुसरीवर खाज भागवायची. कोऱ्या राहणाऱ्या जागा पहिल्या वॉशपासूनच ठरलेल्या असतात, कारण जलरंगात पांढरं मागाहून आणता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं पाण्याने आपोआप केलंय. पाण्याला कुठपर्यंत जाऊ द्यायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि माझ्या कामात ठरवण्यासारखं तेवढंच असतं.

7. ओल्यावर ओला रंग टाकला की सगळा चिखल होतो. ओल कशी ओळखायची?

या पानावरचं हे सगळ्यात उपयोगी उत्तर आहे, म्हणून सविस्तर.

कागद खिडकीसमोर डोळ्यांच्या उंचीला धरा आणि तिरपा उजेड पाडा. भिजवल्यावर लगेच पाणी साचलेलं दिसेल. या वेळी रंग टाकला तर तो पसरतो आणि बराचसा विरून जातो. थोड्या वेळाने साचलेलं पाणी मुरतं आणि सगळीकडे सारखी चमक उरते. मऊ कडा हव्या असतील तर हीच वेळ. मग चमक विझायला लागते, आधी कडांना, नंतर मध्ये. चमक गेली तरी कागद वाळलेला नसतो. बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा, गार लागला तर आत ओल आहे.

या गार पण बिनचमकीच्या अवस्थेत बहुतेक चित्रांचं वाटोळं होतं. वर भरपूर पाण्याचा ब्रश लागला की ते पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर जातं आणि कातरलेल्या कडेचा डाग पडतो. चित्रकार त्याला 'कॉलीफ्लॉवर' म्हणतात. नियम सोपा आहे: कागदात जेवढी ओल, त्यापेक्षा ब्रशात कमी. ब्रश फडक्याला टेकवून मगच लावायचा. आणि तो डाग हवाच असेल, तर नियम नेमका उलटा वापरायचा. माझ्या जांभ्याच्या चित्रांतले खळगे असेच येतात.

चिखल होण्याचं दुसरं कारण म्हणजे कागदावरच तीन-चार रंग घोळणं. दोन रंग सोडा, ब्रश उचला, खाली ठेवा.

8. कागद कोणता घ्यावा? महागाचाच हवा का?

पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, ब्रशात वाचवा, कागदात नको. शंभर टक्के कॉटनचा, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत) कागद घ्या. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर पाणी पटकन वाळतं आणि प्रश्न 7 मध्ये सांगितलेली मधली अवस्था मिळतच नाही. नवशिके स्वतःला दोष देतात, दोष कागदाचा असतो. पूर्ण शीट 22 बाय 30 इंचांची येते, तिचे आठ तुकडे करून शिका.

हॅण्डमेड कागद सुंदर दिसतो, पण घेताना सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून केलेली प्रक्रिया) आहे का विचारा. थेंब टाकून बघा. टिपकागदासारखा शोषला गेला तर तो पत्रिकेला चांगला, वॉशला नाही.

9. तुमच्या पॅलेटमध्ये किती रंग आहेत?

मोजके. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्विनाक्रिडोन रोझ, एक लिंबाळ पिवळा, आणि अगदी थोडा थॅलो ब्लू. ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड असतो तो वाचायची सवय लावा: अल्ट्रामरीनचा पीबी 29, बर्न्ट सिएनाचा बहुधा पीबीआर 7. एकाच कोडचा रंग मिश्रणात स्वच्छ राहतो. अलिझरीन क्रिमझन (पीआर 83) उजेडात उडतो, त्याऐवजी पीव्ही 19 घ्या.

अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसतात. बर्न्ट सिएनाबरोबर पातळ करून सोडला तर वाळताना दोघे थोडे वेगळे होतात आणि करड्या रंगात निळे-तपकिरी दाणे दिसतात. यवतेश्वरच्या घाटातून पावसात दिसणारं आभाळ मला त्या दोन ट्यूबांत मिळतं. तयार ग्रे विकत घेऊ नका.

10. पावसाळ्यात कागद वाळतच नाही आणि उन्हाळ्यात ब्रश उचलेपर्यंत वाळतो. काय करायचं?

पावसाळ्यात थर कमी, पाणी कमी आणि मोठ्या वॉशचं काम सकाळी लवकर सुरू करायचं. हेअर ड्रायर चमक पूर्ण गेल्यावरच लावा. आधी लावला तर हवेने पाणी ढकललं जाऊन विचित्र कडा येतात. कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ओल लागलेल्या कागदाचं सायझिंग जागोजागी जातं, मग वॉशमध्ये गडद ठिपके उमटतात आणि ते कशानेही जात नाहीत.

एप्रिल-मेमध्ये कागद मागूनही भिजवून ॲक्रिलिकच्या किंवा काचेच्या शीटवर चिकटवा. खालून ओल मिळत राहते. पंखा बंद. घाम आला तरी बंद.

बोअरच्या जड पाण्यात अल्ट्रामरीनचे दाणे जास्त गोळा होतात. कुणाला आवडतं, मला आवडतं. नको असेल तर गाळलेलं किंवा पावसाचं पाणी वापरा.

11. इथल्या मातीपासून, हळदीपासून रंग करता येतील का? ते टिकतात का?

माती: हो. हळद: नाही.

तांबडी माती म्हणजे लोहाचं ऑक्साइड, उजेडाने ती उडत नाही. पण कास किंवा कुठल्याही संरक्षित जागेवरून मूठभरही उचलू नका. घराच्या पायाचं खणकाम, शेताचा बांध, विहिरीचा उपसा यांतून हवी तेवढी मिळते. ती वाळवून, कुटून बादलीत ढवळा. मिनिटभरात वाळू खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. हे दोन-तीनदा करा. शेवटचं पाणी दिवसभर ठेवलं की तळाशी लोण्यासारखा गाळ मिळतो. तो वाळवून काचेवर डिंकाच्या पाण्यात घोटायचा. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, किंचित मध, बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचा थेंब. कंटाळा येईपर्यंत घोटायचं, आणि कंटाळा आल्यावर आणखी थोडं. कऱ्हाडकडची काळी माती मात्र ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, जाड लावली तर कागदावरच भेगा पडतात. भेगाच हव्या असतील तर प्रश्न नाही.

हळदीतला पिवळा उन्हात ठेवला तर लवकरच उतरतो. शिवाय तिला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते, पूर्वी कुंकू तसंच करायचे. मुलांना दाखवायला हा प्रयोग झकास आहे. विकायच्या चित्रात हळद वापरणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

12. मीठ, प्लास्टिकचा कागद, स्पिरिट या युक्त्या वापरता का?

क्वचित. मीठ चमक विझता विझता टाकलं तर चांदण्या उमटतात, उशीर झाला तर काहीच होत नाही. पण मिठाचं चित्र कुणाचंही असलं तरी सारखंच दिसतं. आणि पूर्ण वाळल्यावर खडे झाडून काढा. कागदात राहिलेलं मीठ आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून बसतं.

13. चित्र पूर्ण झालं हे कसं कळतं?

मी ते भिंतीला उलटं टेकवून ठेवते आणि आठवडाभराने, दुसऱ्याच कामाने खोलीत गेल्यावर, एकदम बघते. पहिल्या नजरेत हात लावावासा वाटला तर जागा नेमकी कुठली हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. 'काहीतरी कमी आहे' एवढंच वाटत असेल तर हात लावायचा नाही. बहुतेक जलरंग कमी कामामुळे मरत नाहीत.

14. नको तिथे रंग गेला तर काढता येतो का?

कोणता रंग आहे त्यावर. अल्ट्रामरीन, माती-रंग बऱ्यापैकी उठतात: स्वच्छ पाण्याने जागा ओली करा, थोडं थांबा, टिश्यूने टिपा, घासू नका. थॅलो ब्लू कागदात मुरतो, त्याची निळी सावली राहतेच. म्हणूनच तो पॅलेटमध्ये अगदी थोडा (प्रश्न 9). सगळंच हाताबाहेर गेलं तर शीट नळाखाली धुवा. कॉटनचा कागद ते सहन करतो, आणि धुतल्यावर उरलेली पुसट छाया कधी कधी पुढच्या चित्राची उत्तम पहिली पायरी असते.

15. चित्रांना नावं का देत नाही?

गावाचं नाव आणि महिना देते: 'उरमोडी, एप्रिल'. त्याहून जास्त सांगितलं की लोक चित्र सोडून नावच बघत बसतात.

16. जलरंग टिकतात का? एवढे पैसे घालायचे म्हणजे...

नीट ठेवले तर शतकाहून जास्त टिकतात, टर्नरचे टिकलेच की. थेट ऊन पडणारी भिंत टाळा. फ्रेममध्ये ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, म्हणजे चित्र काचेला चिकटत नाही. मागे साधी हार्डबोर्डची फळी थेट लावू देऊ नका, कागद पिवळा पडतो. आपल्याकडे खरा शत्रू पश्चिमेच्या भिंतीची ओल आणि कसर. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. फ्रेमवाले काका 'काही होत नाही ओ' म्हणतील. तरी लावून घ्या.

17. सोफ्याच्या रंगाला मॅच होईल असं करून द्याल का?

नाही. सोफा दहा वर्षांत बदलतो. मात्र आकार आणि जागा सांगितली तर त्या भिंतीचा उजेड बघून सुचवते, आणि एखाद्या जागेवरून (तुमचं गाव, तुमच्या शेताची माती) काम करायला आवडतं. अशा कामाचा कागदोपत्री भाग प्रश्न 19 मध्ये.

18. मुलगी सातवीत आहे, तिला अमूर्त शिकवाल का?

सातवीत अमूर्त शिकवायची गरज नाही. तिला मोठा ब्रश, चांगल्या कागदाचे तुकडे आणि पाण्याची दोन भांडी द्या, एक धुवायला, एक स्वच्छ. एलिमेंटरीची तयारी करत असेल तर ती वेगळी करू द्या. परीक्षेत आखीव कामाला गुण आहेत, ते मिळवावेत. दोन्ही एकाच कागदावर करायला लावू नका.

19. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचे प्रिंट, कॅलेंडर, मेन्यूकार्ड काढता येतं का?

येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही विकत घेता ती वस्तू. भिंतीला लावा, भेट द्या, पुन्हा विका. छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे. हे माहीत नसलेल्या एका हॉटेलने माझं चित्र मेन्यूकार्डावर छापलं होतं, मिसळीच्या दराखाली.

पण एक अपवाद आहे आणि तो चित्रकारांनाच ठाऊक नसतो. कुणी पैसे देऊन खास सांगून चित्र काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 नुसार कॉपीराइटचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. म्हणजे तयार चित्र विकलं तर हक्क माझा, ऑर्डरवर काढलं तर तुमचा. म्हणून प्रश्न 17 मधल्या कामाआधी मी दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घेते: 'चित्राचे छपाईचे हक्क चित्रकाराकडे राहतील.' तुम्हाला छापायचं असेल तर तसं आधीच सांगा, रक्कम त्याप्रमाणे ठरते. ओळखीतल्या माणसांकडूनही मी सही घेते, त्यांच्याकडून तर आधी घेते.